चर्चगेटच्या पुढचं कुलाबा स्टेशन: का बांधलं, का काढलं आणि आज तिथे काय आहे

प्रश्न असा आलाय की चर्चगेटच्या पुढे कुलाब्याला खरंच लोकलचं स्टेशन होतं का, असेल तर ते कशामुळे बंद पडलं आणि आज त्यातलं काही बघायला मिळतं का. बरोबर एक तर्कही जोडलाय की तिथे पॅसेंजर नसतील म्हणूनच बंद झालं असणार.

स्टेशन होतं. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ३१ डिसेंबर १९३० पर्यंत चालू होतं, आणि आज त्या जागेवर बधवार पार्क ही रेल्वे ऑफिसरांची वसाहत उभी आहे. पण पॅसेंजर नव्हते म्हणून बंद झालं हा तर्क मला अजिबात मान्य नाही आणि तो खोडण्यासाठीच एवढं मोठं लिहितोय. माझी नोकरी रेल्वेच्या इंजिनीअरिंग खात्यात गेली, रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे जोड), यार्ड, फलाट हे रोजचं काम, आणि जुने यार्डाचे नकाशे वाचायची सवय तिथेच लागली. त्यामुळे कुठलंही बंद स्टेशन दिसलं की मी आधी जमिनीचा हिशोब बघतो, कारण स्टेशन बंद होण्यामागे प्रवाशांपेक्षा जमीनच जास्त वेळा असते. कुलाबा हे त्याचं अगदी स्वच्छ उदाहरण आहे.

सुरुवातीपासून बघू. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपले जुने लोक जिला बीबीसीआय म्हणायचे ती आजची वेस्टर्न रेल्वे, ही कंपनी १८५५ ची. तिचं काम मुंबईकडून नाही तर सुरतेकडून सुरू झालं, आणि लाइन खाली येत येत वसईची खाडी ओलांडून १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला पोचली. आता ग्रँट रोड हे काही त्या वेळच्या मुंबईचं व्यापाराचं केंद्र नव्हतं. व्यापार फोर्टात, गोद्या आणि बंदरं पूर्वेच्या किनाऱ्याला, आणि कापसाचा मोठा बाजार पार दक्षिणेला कुलाब्यात. म्हणजे गुजरातचा कापूस घेऊन येणारी रेल्वे कापसाच्या बाजारापासून कितीतरी अलीकडे थांबत होती आणि पुढचा माल बैलगाड्यांनी जायचा. कंपनीला हे परवडणारं नव्हतं, तिला पुढे जायचंच होतं, पण दाट वस्तीतून लाइन काढायची कशी हा प्रश्न होता.

मार्ग निघाला तो एका दिवाळखोरीतून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मोठ्या दलालांच्या पुढाकाराने भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यातली सगळ्यात गाजलेली बॅकबे रिक्लमेशन कंपनी, समुद्र हटवून नवीन जमीन करायची आणि ती विकायची असा बेत. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअर कागदाच्या किमतीचे झाले आणि कंपनी बुडाली. पण किनाऱ्याने थोडाफार भराव पडलेला होता, तो सरकारकडे आला, आणि त्या पश्चिम किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर बीबीसीआयला लाइन पुढे न्यायला जागा मिळाली. म्हणजे कुलाब्याची लाइन जन्मली भरावामुळे आणि साठेक वर्षांनी गेलीही भरावामुळेच, हे पुढे दिसेल.

१२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुटली, दिवसाला एक जायची आणि एक यायची. बॅकबे हे स्टेशन पण आज नाही, ते थोड्याच काळात मागे पडलं. त्या पहिल्या गाडीच्या थांब्यांत वसई आणि भाईंदरच्या मधलं पाणजूसुद्धा आहे, खाडीतलं बेट, आज गाड्या त्याच्यावरून धडधडत जातात पण तिथे थांबत नाहीत. बंद स्टेशनांची आवड असेल तर पाणजूची चौकशी जरूर करा, तिथल्या लोकांना होडीशिवाय पर्याय नाही हे बघून वाईट वाटतं.

१८७० ला चर्चगेट स्टेशन आलं आणि मग १८७२-७३ च्या सुमारास लाइन कुलाब्याला पोचली. चर्चगेटपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर. एका बाजूला ओव्हल, कूपरेजची मैदानं आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, मधे रूळ. आज चर्चगेटच्या पश्चिमेला उभं राहिलं तर समोर इमारतींच्या रांगा आणि त्यामागे मरीन ड्राइव्ह, पण त्या वेळी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघितलं की भरतीचं पाणी दिसायचं. ही गोष्ट नीट डोळ्यासमोर आणली नाही तर पुढचं काही समजत नाही, कारण रूळ हीच शहराची पश्चिम हद्द होती आणि त्यापलीकडे विकायला, बांधायला, चालायला काही नव्हतंच. रूळ कोणाच्या वाटेत येत नव्हते.

कुलाबाच का, तर कापूस. कुलाब्याच्या बाजूला कापसाचं मोठं मैदान होतं, गाठी दाबायच्या प्रेस होत्या, वखारी होत्या. कुलाबा कॉजवे १८३८ ला झाला आणि मुळात वेगळी असलेली ही बेटं शहराला जोडली गेली, तेव्हापासून तिकडे व्यापार सरकत होता. १८७५ ला ससून डॉक उघडला. भरूच-सुरतेकडचा कापूस रेल्वेने कुलाब्यात उतरायचा, तिथेच विकला जायचा, तिथेच दाबला जायचा आणि जवळच्या गोदीतून जहाजावर चढायचा. एका मालगाडी यार्डाला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली असणार. म्हणून कुलाबा समजून घ्यायचं तर त्याला आधी मालाचं टर्मिनस म्हणून बघा, मग मेल गाड्यांचं, आणि मग लोकलचं. लोक फक्त लोकलचं म्हणून बघतात आणि मग कोड्यात पडतात की टोकाला एवढं मोठं स्टेशन कशाला.

पण लोकलचे पॅसेंजर नव्हते असं मुळीच नाही. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तिचा एक मार्ग कुलाब्याहूनच निघायचा, क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला. कॅन्टोन्मेंट कुलाब्यात, अफगाण चर्च कुलाब्यात, वेधशाळा कुलाब्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कफ परेडचा भराव झाला आणि समुद्राकाठी बंगले उठले, त्यात राहणारे साहेबलोक आणि पैसेवाले, आणि त्यांच्याकडे कामाला जाणारी, प्रेसमध्ये गाठी उचलणारी, गोदीवर राबणारी माणसं वेगळीच. शेजारी कोळ्यांची वस्ती, ती रेल्वेच्याही आधीची. १८९६ मध्ये जुन्या साध्या स्टेशनाच्या जागी नवीन टर्मिनसची इमारत झाली, आणि कंपनीचं फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेलं भव्य मुख्यालय चर्चगेटला १८९९ ला पुरं झालं, जे आजही वेस्टर्न रेल्वेचं हेडऑफिस आहे. १९०० पर्यंत या लाइनवर दोन्ही दिशांना प्रत्येकी ४५ गाड्या आणि वर्षाला दहा लाखांवर प्रवासी असा हिशोब दिला जातो. मरणाऱ्या स्टेशनाच्या लाइनवर असे आकडे नसतात.

आणि सगळ्यात ठोस पुरावा विजेचा आहे. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली हा मार्ग १५०० व्होल्ट डीसीवर विजेचा झाला. आपल्याकडे पहिली विजेची गाडी जीआयपीने, म्हणजे आजच्या सेंट्रल रेल्वेच्या जुन्या कंपनीने, ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवर चालवली होती, त्यानंतर तीनच वर्षांत बीबीसीआयने केलं आणि ते थेट कुलाब्यापर्यंत केलं. खांब उभे केले, तारा ओढल्या, सबस्टेशनं बांधली. १९२८ च्याच १ सप्टेंबरला फ्रंटियर मेल सुरू झाली, मुंबई ते पेशावर, त्या काळातली कंपनीची मानाची गाडी, जी पुढे गोल्डन टेम्पल मेल झाली, तिचंही मुंबईतलं सुरुवातीचं ठिकाण कुलाबाच, फक्त विलायतेच्या बोटी लागायच्या त्या दिवसांत ती बॅलार्ड पिअरहून निघायची. तर १९२८ ला विजेची लोकल आणि देशातली नावाजलेली मेल असलेलं स्टेशन १९३० च्या शेवटी कुलूप लावून बंद. तीन वर्षांत पॅसेंजर गायब होतात का? नाही होत.

मग झालं काय ते आता बघू, हा भाग थोडा लांबेल पण सगळा गाभा इथेच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भयंकर टंचाई होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि बॅकबेत पुन्हा भराव घालायची प्रचंड योजना हातात घेतली, चर्चगेटपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत आठ ब्लॉक, एकूण ११४५ एकर. योजनेत पैसा पाण्यासारखा गेला, ड्रेजरने समुद्रातून काढायचा गाळ ठरल्यापेक्षा फार कमी निघाला, खर्चाचे अंदाज फुगत गेले आणि वकील आणि पुढारी असलेल्या वीर नरिमन यांनी ते सगळं उघड्यावर आणलं. त्यांच्यावर हार्वे नावाच्या सरकारी इंजिनीअरने बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. १९२६ ला योजनेच्या चौकशीसाठी मिअर्स कमिटी बसली आणि तिने योजना छाटली, उत्तरेचे १ आणि २ नंबरचे आणि दक्षिणेचे ७ आणि ८ नंबरचे ब्लॉक पुरे करायचे, मधले ३ ते ६ सोडून द्यायचे. ७ नंबर लष्कराला गेला.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वी रुळांच्या पश्चिमेला समुद्र होता. आता रुळांच्या पश्चिमेला कोरी जमीन तयार होतेय, आणि ती मुंबईतली सगळ्यात महाग जमीन व्हावी असा सरकारचा हिशोब आहे कारण सगळा खर्च ती विकूनच वसूल करायचाय. पण शहर आणि ती जमीन यांच्या मधे काय आहे, तर दुहेरी रूळ, विजेच्या तारा आणि दर थोड्या वेळाने जाणारी लोकल. रस्ता न्यायचा तर फाटक लागणार, फाटक लावलं तर गाड्यांची संख्या वाढेल तसं ते जास्त वेळ बंद राहणार, पूल बांधायचे तर दर रस्त्याला एक पूल आणि त्याचे चढ घ्यायला जागा. ज्यांनी मुंबईतल्या फाटकांवर काम केलंय त्यांना हे सांगायला नको, एका फाटकाने दोन्हीकडचं आयुष्य कसं अडतं. ओव्हलच्या समोर श्रीमंत लोकांसाठी प्लॉट विकायचेत आणि ओव्हल आणि प्लॉटच्या मधून रेल्वे जातेय, असं कोण घेणार होतं? म्हणून रूळ जाणं हे भरावाच्या गणितातच बसलेलं होतं. ज्या दिवशी चर्चगेटच्या पश्चिमेला कोरडी जमीन व्हायची ठरली त्या दिवशीच कुलाबा लाइनचा निकाल लागला होता असं माझं मत आहे, मग तिच्यावर कितीही पॅसेंजर असोत.

दुसरी गोष्ट कापसाची. १९२० च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्यातून उचलून शिवडीला नेला, पोर्ट ट्रस्टने तिकडे भराव घालून मोठमोठी गोदामं बांधली, हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन हे नाव तिथूनच आलंय. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ पासून चालू होतीच, तिने वडाळ्याकडून माल थेट गोद्यांपर्यंत जायला लागला. झालं, कुलाब्याच्या यार्डाचं मूळ गिऱ्हाईकच गेलं. पॅसेंजर होते पण मालाचं उत्पन्न गेलं, आणि कंपनीच्या वहीत मालाचं वजन फार असतं.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती निव्वळ यार्डाची आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाफेच्या गाडीला टर्मिनस फार मोठं लागतं. गाडी फलाटावर येऊन बफरला, म्हणजे रुळाच्या शेवटच्या अडसराला, टेकली की इंजिन पुढे अडकतं, त्याला सोडवायला शेजारी मोकळा रूळ पाहिजे, सांधे पाहिजेत, मग ते वळसा घालून दुसऱ्या टोकाला येणार, नाहीतर मागून दुसरं इंजिन जोडायचं. पाणी भरायचं, कोळसा घ्यायचा, राख काढायला खड्डा, मोठ्या इंजिनाला फिरवायला टर्नटेबल, उभं करायला शेड. एवढं सगळं मावायला कुलाब्यासारखी ऐसपैस जागा लागते, चर्चगेटला ती कधीच नव्हती. पण विजेची लोकल आली आणि हे सगळं एका झटक्यात अनावश्यक झालं. दोन्ही टोकांना केबिन, मोटरमन एका टोकाहून उतरून दुसऱ्या टोकाला जातो आणि त्याच फलाटावरून गाडी उलटी निघते. फलाट काही मिनिटांत मोकळा. म्हणजे लोकलपुरतं टर्मिनस आता अगदी कमी जागेत, दोन-चार फलाटांत बसू शकत होतं. उरल्या मेल गाड्या, त्यांना वॉशिंग लाइन, पार्सल, सामान, मुक्कामी उभे राहणारे रेक, म्हणजे गाडीचे जोडलेले डबे, हे सगळं लागतंच, त्यांच्यासाठी बेलासिस रोडजवळ बॉम्बे सेंट्रल बांधलं. क्लॉड बॅटले यांचं डिझाइन, एकवीस महिन्यांत काम पुरं, आणि १८ डिसेंबर १९३० ला उद्घाटन.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. जानेवारी १९२८ ला वीज, १८ डिसेंबर १९३० ला बॉम्बे सेंट्रल, आणि तेरा दिवसांनी ३१ डिसेंबरला कुलाबा बंद, १ जानेवारी १९३१ पासून चर्चगेट शेवटचं स्टेशन. हा योगायोग नाही, हे एकाच कामाचे तीन टप्पे आहेत. ज्या विजेमुळे लोकलची भरभराट झाली त्याच विजेमुळे कुलाब्याची गरज संपवता आली. मग काही जण विचारतात की बंदच करायचं होतं तर १९२८ ला कुलाब्यापर्यंत तारा ओढल्याच कशाला, तर त्याचं कारण साधं आहे, बॉम्बे सेंट्रल तयार होईपर्यंत गाड्या कुठेतरी फिरवायला लागणारच होत्या आणि चर्चगेट त्या वेळी मधलं स्टेशन होतं, तिथे गाडी उलटी फिरवायची सोय आधी करायला हवी. चालू लाइनवर असं टप्प्याटप्प्यानेच करावं लागतं.

बंद झाल्यावर कुलाबेकरांचं काय झालं? ट्राम होती, आणि १५ जुलै १९२६ ला मुंबईतली पहिली बस सुरू झाली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशीच, म्हणजे कुलाब्याला शहराशी जोडणारी. सरकारचं म्हणणं हेच असणार की आता बस आणि ट्राम आहे, रेल्वेची एवढी काय गरज. त्या वेळच्या कुलाब्याच्या वस्तीला ते चालूनही गेलं.

चुकलं ते पुढे. रूळ निघाल्यावर ती पट्टी आणि तिच्या पश्चिमेचा भराव मोकळा झाला, त्याच्यावर १९३० च्या दशकात ओव्हलच्या पश्चिमेच्या त्या सुंदर आर्ट डेको इमारती आल्या, १९३८ ला इरॉस थिएटर आलं, मरीन ड्राइव्ह झाला. यातल्या ओव्हलच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारतींना २०१८ ला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, त्या इमारती मुंबईची शान आहेत. पण १९६० नंतर सोडून दिलेल्या मधल्या ब्लॉकांवर पुन्हा भराव पडला, नरिमन पॉइंट उभं राहिलं, कफ परेडचे टॉवर उभे राहिले, मंत्रालय तिकडे आधीच होतं, विधान भवनही तिकडेच आलं. लाखभर माणसं रोज जिथे कामाला जातात अशी जागा नेमकी तिथे तयार झाली जिथून आपण रेल्वे काढून घेतली होती. चर्चगेटला उतरायचं आणि मग बसची रांग, शेअर टॅक्सीची रांग, नाहीतर चालत जायचं, उन्हात, पावसात, दोन पिढ्यांनी हे केलंय. कागदावर कोणीही तीस-चाळीस वर्षांपुढचा विचार केला असता आणि लाइन नाही तरी तिची पट्टी तेवढी राखून ठेवली असती, तरी पुढे खाली बोगदा किंवा वर पूल करून तिथे गाडी नेणं किती सोपं झालं असतं. जमीन एकदा विकली की परत मिळत नाही. स्टेशन बंद केल्याचा मला तेवढा राग नाही, त्याची कारणं समजू शकतात, पण पट्टी सोडून दिली त्याचा आहे.

चर्चगेटच्या कामकाजावरही याचा परिणाम आजपर्यंत आहे. तिथे चार फलाट, पुढे भिंत आणि रस्ता. गाडी उशिरा आली तर पुढे ढकलायला जागा नाही, एका गाडीचा घोटाळा झाला की मागची बाहेर उभी. पुढे कुलाबा असतं तर चर्चगेटची गर्दी दोन स्टेशनांत विभागली असती आणि रेक पुढे नेऊन फिरवता आले असते.

आता बघायला काय आहे ते सांगतो. स्टेशनची इमारत, फलाट काही शिल्लक नाही, ते डोक्यातून काढून टाका म्हणजे निराशा होणार नाही. जायचं असेल तर चर्चगेटच्या बफरपासून सुरुवात करा, जिथे गाड्या टेकतात तिथून दक्षिणेकडे तोंड करा. महर्षी कर्वे रोड धरून सरळ खाली चालत निघा, डाव्या हाताला ओव्हल मैदान आणि उजव्या हाताला त्याच्याकडे तोंड केलेल्या आर्ट डेको इमारती दिसतील, उजव्याच हाताला पुढे मंत्रालय येईल, आणि मग कूपरेज. साधारण याच पट्ट्यातून लाइन जायची. रस्त्याची सरळ रेषा लक्षात ठेवा, रुळांनी सोडलेल्या जागेवर रस्ते आणि प्लॉट असे सरळसोट येतात. पुढे बधवार पार्क, रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष राहिलेले फतेहचंद बधवार यांच्या नावाची वसाहत. आत जाता येत नाही, रेल्वेची निवासी जागा आहे, बाहेरूनच बघा आणि गेटवरच्या लोकांशी हुज्जत घालू नका. शहराच्या इतक्या महाग कोपऱ्यात रेल्वेची एवढी सलग जमीन का आहे याचं उत्तर हेच की ती स्टेशनची जमीन आहे, रेल्वेने लाइनची पट्टी सोडली पण टर्मिनसची जागा सोडली नाही. शेजारी मच्छीमार नगर, २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी बोटीतून उतरले तो किनारा इथलाच, त्यामुळे बधवार पार्क हे नाव बहुतेकांनी पहिल्यांदा त्या बातम्यांत ऐकलं, स्टेशनमुळे नाही.

एक मोठा बदल हल्लीच झालाय. मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि चर्चगेटच्या पुढे विधान भवन आणि कफ परेड अशी भुयारी स्टेशनं आली. जवळपास पंचाण्णव वर्षांनी चर्चगेटच्या दक्षिणेला पुन्हा रुळांवरची गाडी जायला लागली, तीही साधारण त्याच दिशेने, फक्त जमिनीच्या खालून. किती खर्च आणि किती वर्षं लागली ते सगळ्यांनी बघितलंय.

बॅलार्ड पिअर मोल हे बंद स्टेशनही लोक याच्यात मिसळतात, ते वेगळं प्रकरण, तिथे विलायतेच्या बोटींना जोडून गाड्या सुटायच्या, रोजच्या लोकलचं स्टेशन ते नव्हतं. आणि अंधेरी-कुर्ला-ट्रॉम्बे अशी जीआयपीने चालवलेली छोटी लाइन १९२८ ला सुरू होऊन १९३४ ला बंद पडली, तिथे मात्र पॅसेंजर खरोखरच कमी होते असं म्हणायला जागा आहे. एक कारण सगळ्यांना लावू नका.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर दोन सूचना. जुने नकाशे बघताना १९३० च्या आधीचा आणि १९४० च्या आसपासचा असे दोन एकमेकांवर ठेवून बघा, ओव्हलची पूर्वेकडची कड दोन्हीत तीच राहते, ती धरून जुळवलं की रूळ कुठून गेले ते नेमकं कळतं. आणि कागदपत्रांत कुलाबा शोधताना सावध राहा, कारण आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होतं, अलिबागचा किल्लाही कुलाबा, त्यामुळे सरकारी दप्तरात निम्म्याहून जास्त कागद तिकडचेच निघतात. बीबीसीआयचे वार्षिक रिपोर्ट आणि टाइमटेबल यातून सुरुवात केलीत तर हा घोळ होत नाही, टाइमटेबलमध्ये कुलाबा, चर्चगेट, मरीन लाइन्स असा क्रम दिसला की तुम्ही बरोबर कागदावर आहात.